नो पार्किंगचे चुकीचे चलान पुन्हा पुन्हा येत असेल तर: कारण कसे शोधावे आणि दाद कोठे मागावी

मोबाईलवर संदेश येतो. त्यात आपल्या गाडीचा क्रमांक, नो पार्किंगचा गुन्हा आणि ५०० रुपयांची रक्कम असते. गाडी नेहमीच्याच जागी लावलेली असते, शेजारी आणखी दहा गाड्या उभ्या असतात आणि फलक कोठेही दिसलेला नसतो. तरीही पाचशे रुपयांसाठी हेलपाटे कोण घालणार, या विचाराने बहुतेक जण रक्कम भरून मोकळे होतात. काही आठवड्यांनी त्याच जागेचे दुसरे चलान येते आणि या वेळी रक्कम १,५०० असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी १,५०० रुपयांपर्यंत दंड ठेवलेला आहे, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून सुधारित तडजोड शुल्काची, म्हणजे खटला न चालवता भरून मोकळे होण्याच्या रकमेची, आकारणी सुरू झाली. म्हणजे अन्यायाने आलेले पहिले चलान निमूटपणे भरणारा माणूस पुढच्या चलानाची रक्कम स्वतःच्याच हाताने वाढवून ठेवत असतो. रक्कम भरल्याने ते एक चलान मिटते, पण ते ज्या कारणाने आले ते कारण रस्त्यावर तसेच राहते.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. आमच्या भागातील एका बाजारपेठेलगतच्या रस्त्यावर माझ्या स्कूटरवर चार महिन्यांत तीन चलाने झाली. पहिले मी भरले. दुसऱ्या वेळी रागाने तक्रार केली आणि ती एका ओळीत फेटाळली गेली. तिसऱ्या वेळी मात्र नेमके काय चुकते आहे हे शोधायला बसलो आणि मग दुसरे व तिसरे अशी दोन्ही चलाने रद्द झाली. पहिल्याचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण रक्कम भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची तडजोड करणे होय, आणि एकदा तडजोड झाली की वादाला जागा उरत नाही. त्यामुळे चलान चुकीचे वाटत असेल तर तपास पूर्ण होईपर्यंत रक्कम भरू नये, ही पहिली गोष्ट. मात्र नोटिशीवर किंवा संकेतस्थळावर हरकत घेण्याची अथवा रक्कम भरण्याची जी मुदत दिलेली असेल, ती वहीत लिहून ठेवावी आणि त्या मुदतीच्या आतच लेखी हरकत नोंदवावी.

संदेश खरा आहे का, हे आधी पाहावे

चलानाच्या नावाखाली फसवणुकीचे संदेश सर्रास येतात. त्यांत दुवा असतो किंवा एपीके प्रकारची फाईल जोडलेली असते, आणि ती उघडल्यावर बँक खाते रिकामे होण्याचा धोका असतो. संदेशातल्या दुव्याला हात न लावता राज्याच्या अधिकृत ई-चलान संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिकॲपवर स्वतः जावे. संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चॅसिस अथवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक दिले की प्रलंबित चलानांची यादी दिसते. यादीत चलान नसेल तर तो संदेश खोटा समजून सोडून द्यावा. असेल तर त्यासोबतचे छायाचित्र उघडून मोबाईलमध्ये जतन करावे, कारण पुढचा सारा तपास त्या छायाचित्रावरून होतो.

छायाचित्र उघडल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारावा: ही गाडी माझी आहे का? उत्तर नाही असेल तर मार्ग वेगळा आणि होय असेल तर वेगळा. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कालवल्या की अर्ज वाचणाऱ्याला आपले नेमके म्हणणे कळत नाही आणि तो फेटाळणे सोपे होते. दुसऱ्या चलानाविरुद्धची माझी तक्रार याच कारणाने फेटाळली गेली. मी तिच्यात फलक नसल्याचे लिहिले होते, बाजारात पार्किंगची सोय नसल्याचे लिहिले होते, इतर गाड्यांवर कारवाई झाली नाही असेही लिहिले होते, आणि यांतल्या एकाही मुद्द्याला पुरावा जोडला नव्हता.

गाडी आपली नसेल तर

क्रमांक टिपताना एखादा अंक किंवा अक्षर चुकणे हे यातले सर्वांत साधे कारण आहे. तीन आणि आठ, बी आणि डी यांची गल्लत होते आणि भलत्याच मालकाला चलान जाते. छायाचित्रातील गाडीचा प्रकार, रंग, कंपनी आणि आपल्या नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील यांत फरक दिसत असेल तर दोन्ही शेजारी ठेवून तक्रार करावी. अशी चलाने तुलनेने लवकर रद्द होतात.

दुसरे कारण गंभीर आहे. गाडी त्याच प्रकारची व त्याच रंगाची आहे, क्रमांकही आपलाच आहे, पण आपण त्या शहरात कधी गेलोच नाही, असे असेल तर कोणीतरी आपला क्रमांक लावून गाडी फिरवत असल्याची शक्यता असते. येथे दंड रद्द करून घेणे पुरेसे नाही, कारण उद्या त्याच गाडीकडून अपघात झाला तर पोलीस आपल्या दारात येतील. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी आणि मग त्या पोचेसह चलानाला हरकत घ्यावी. गाडी त्या वेळी दुसरीकडे होती याचा पुरावा म्हणून फास्टॅगची नोंद, सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचे चित्रण, कार्यालयातील हजेरी किंवा गॅरेजचे बिल जोडता येते. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतलेली असेल तर तिच्यावर कोरलेला लेसर क्रमांक अर्जात लिहावा, कारण बनावट प्लेटवर तो जुळत नाही.

तिसरे कारण आपल्याच दुर्लक्षातून येते. आमच्या शेजारच्या काकांनी जुनी स्कूटर ओळखीच्या माणसाला विकली, पैसे घेतले, कागदावर सह्या केल्या आणि नोंदणी बदलण्याचे काम त्याच्यावर सोडले. पुढची दोन वर्षे त्या स्कूटरची चलाने काकांच्याच मोबाईलवर येत राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीनंतर १४ दिवसांच्या आत विक्रेत्याने आरटीओला कळवायचे असते, आणि नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे. तो निकाल अपघाताच्या भरपाईबद्दलचा होता, परंतु चलानाच्या बाबतीतही यंत्रणा नोंदणीचे नावच पाहते. त्यामुळे अशा वेळी एकेका चलानाशी भांडत बसण्यापेक्षा फॉर्म २९ आणि ३० ची पूर्तता करून नाव बदलून घेणे हाच उपाय आहे. विक्रीच्या दिवशीच त्या फॉर्मांच्या प्रती आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आपल्याकडे ठेवावी.

गाडी आपलीच आहे, पण जागा नो पार्किंगची होती का?

खरा वाद येथे असतो. वाद सुरू करण्याआधी मात्र प्रामाणिकपणे पाहावे लागते, कारण काही जागी फलकाची गरजच नसते. पदपथावर, चौकाच्या किंवा वळणाच्या तोंडाशी, पादचारी पट्ट्यांजवळ, बसथांब्यापाशी, शाळेच्या वा रुग्णालयाच्या प्रवेशद्वारासमोर, अग्निशमनाच्या नळाजवळ, कोणाच्या फाटकाला आडवी किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी दुसऱ्या रांगेत गाडी लावणे हे वाहतुकीच्या नियमांनुसारच निषिद्ध आहे. तेथे फलक नव्हता हे म्हणणे टिकत नाही. रुग्णवाहिका अडकली तर त्याचा हिशेब ५०० रुपयांत होत नाही, हेही लक्षात ठेवावे. अशा जागी आपली गाडी असेल तर दंड भरावा आणि जागा बदलावी.

बाकीच्या रस्त्यांवर नो पार्किंग आपोआप लागू होत नाही. ते घोषित करावे लागते. मोटार वाहन कायद्याची कलमे ११५, ११६ आणि ११७ ही वाहतुकीवर निर्बंध घालणे, चिन्हे उभारणे आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवणे यांसंबंधी आहेत, आणि आपल्याकडच्या शहरांत वाहतूक शाखेचे पोलीस उपआयुक्त सहसा याच कलमांचा आधार घेऊन आदेश काढतात. त्या आदेशात रस्त्याचे नाव असते, अमुक चौकापासून तमुक इमारतीपर्यंत अशी हद्द असते, कधी रस्त्याची एकच बाजू असते, कधी ठरावीक वेळ असते, तर कधी विशिष्ट प्रकारचीच वाहने असतात. पुष्कळदा तो आधी तात्पुरता काढून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात आणि नंतर कायम केला जातो. रस्त्यावरचा फलक हा त्या आदेशाचा चेहरा आहे. आदेश आहे पण फलक नाही, किंवा फलक आहे पण आदेश त्या जागेला लागूच होत नाही, या दोन्ही अवस्थांत चलानाचा आधार डळमळीत होतो.

माझ्या प्रकरणात हेच निघाले. सांडपाण्याच्या वाहिनीसाठी रस्ता खणला तेव्हा फलकाचा खांब उपटला गेला आणि काम संपल्यावर तो मूळ जागेपासून बराच पुढे पुन्हा रोवण्यात आला. आदेशातील हद्द एका शाळेच्या फाटकापाशी संपत होती. माझी स्कूटर त्या फाटकाच्या पुढे, हद्दीबाहेर उभी होती. कारवाई करणाऱ्या हवालदारांनी समोर दिसणाऱ्या फलकावर विश्वास ठेवला, यात त्यांचा दोष मानता येत नाही. मलाही आदेश हाती येईपर्यंत याचा पत्ता नव्हता.

आदेश मिळवण्याचा मार्ग माहितीच्या अधिकाराचा आहे. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचे शुल्क भरून वाहतूक शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून कारणमीमांसा न लिहिता थेट मागावे: अमुक रस्त्याच्या अमुक भागास नो पार्किंग घोषित करणाऱ्या आदेशाची प्रत, तो आदेश कायम झाल्याची तारीख आणि त्या भागात फलक बसवल्याची नोंद. फलक महापालिकेने बसवलेला असेल तर शेवटचा मुद्दा महापालिकेच्या पथ विभागाकडे वेगळ्या अर्जाने विचारावा लागतो. ३० दिवस थांबणे शक्य नसेल तरी हरकत आधी नोंदवावी आणि माहिती अर्जाची पोच तिला जोडून, उत्तर येईपर्यंत निर्णय राखून ठेवण्याची विनंती करावी.

सम-विषम तारखांच्या पार्किंगमुळे होणारे घोटाळे याच प्रकारात मोडतात. पुण्यात पी-१ आणि पी-२ असे फलक रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि विषम तारखेला एका बाजूस, सम तारखेला दुसऱ्या बाजूस गाडी लावायची असते. रात्री उशिरा लावलेली गाडी बारा वाजता तारीख पालटताच चुकीच्या बाजूला येते. चलानावरील वेळ मध्यरात्रीनंतरची असेल तर दंड बहुधा नियमानेच झालेला असतो. पण झाडाच्या फांद्यांनी फलक झाकला असेल, राजकीय शुभेच्छांच्या फ्लेक्सने अडवला असेल, किंवा एकाच बाजूचा फलक शिल्लक असेल, तर त्याची छायाचित्रे हा भक्कम पुरावा ठरतो.

ही छायाचित्रे त्याच दिवशी काढावीत. चार पुरेशी असतात: गाडी उभी होती ती जागा, तेथून रस्त्याच्या एका टोकाकडचे दृश्य, दुसऱ्या टोकाकडचे दृश्य, आणि ओळखीची खूण म्हणून एखाद्या दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक. मोबाईलमधील तारीख व ठिकाण नोंदवण्याची सोय सुरू ठेवावी आणि मूळ फाईल व्हॉट्सॲपवरून न पाठवता तशीच जपून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत हा तपशील राहत नाही. आठ दिवसांनी जाऊन काढलेले छायाचित्र फारसे कामाचे नसते. मधल्या काळात फलक लागला असल्याचे उत्तर मिळते आणि ते खोडून काढण्याचे साधन आपल्याकडे उरत नाही.

चलानाच्या छायाचित्रातील उणिवा

पोलिसांचे छायाचित्रही तितक्याच बारकाईने पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७ अ, जो ऑगस्ट २०२१ मध्ये आला, तो इलेक्ट्रॉनिक यंत्रणेद्वारे केलेल्या कारवाईसाठी काही अटी घालतो: गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारे छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचे कोणते कलम मोडले याचा उल्लेख. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवण्याची अटही त्यात आहे. प्रत्यक्षात नो पार्किंगच्या चलानांत कित्येकदा फक्त गाडीची मागची बाजू दिसते. रस्ता, फलक, पट्टा यांपैकी काहीच दिसत नाही. गाडी होती एवढेच त्यातून सिद्ध होते, ती निषिद्ध जागी होती हे नव्हे. ठिकाणाच्या रकान्यात नुसते उपनगराचे किंवा लांबलचक रस्त्याचे नाव असेल, तर नेमकी जागा कोणती, असा प्रश्न अर्जात जरूर विचारावा.

खासगी मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवायचे आणि नंतर सवडीने चलान करायचे, या पद्धतीविरुद्ध वाहनधारकांच्या पुष्कळ तक्रारी होत्या. राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने जुलै २०२५ मध्ये कारवाईसाठी खासगी मोबाईल वापरू नये, अशी लेखी सूचना दिली. चलानावरील वेळ आणि आपण त्या जागी असल्याची वेळ यांत मोठा फरक असेल तर या मुद्द्याचा उल्लेख करावा.

गाडी उचलून नेली असेल तर

टोइंगबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ पाहावे. निषिद्ध जागी लावलेली किंवा दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेली गाडी हलवण्यास अथवा तिला जॅमर लावण्यास परवानगी देण्याचा अधिकार त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याला आहे. ठेकेदाराच्या कामगाराने स्वतःच्या मर्जीने गाडी उचलणे या तरतुदीत बसत नाही. गाडी सोडवण्याचा खर्च मालकावर पडतो, म्हणून पावतीवर दंड आणि टोइंगचे शुल्क वेगवेगळे लिहिलेले आहे का हे तेथेच तपासावे आणि पावती नसेल तर पैसे देऊ नयेत. गाडीची गरज असल्यामुळे बहुधा जागेवर पैसे भरावेच लागतात. अशा वेळी गाडीला झालेल्या नुकसानीचे छायाचित्र आवारातून बाहेर पडण्यापूर्वी काढावे. बाहेर आल्यावर ते ओरखडे कोणाचे, हे सिद्ध करता येत नाही.

हरकत कशी लिहावी

महाट्रॅफिकॲपवर चलानाविरुद्ध तक्रारीची सोय आहे. तेथे नोंद करावीच, पण शिवाय तोच मजकूर कागदावर लिहून संबंधित वाहतूक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. माझ्या यशस्वी अर्जाचा मजकूर साधारण असा होता: "माझ्या वाहनावर दिनांक अमुक रोजी अमुक वेळी अमुक दुकानासमोर नो पार्किंगचे चलान करण्यात आले आहे. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आदेशाच्या प्रतीनुसार नो पार्किंगची हद्द शाळेच्या फाटकापाशी संपते. माझे वाहन त्या हद्दीबाहेर उभे होते, हे सोबतच्या चार छायाचित्रांवरून दिसून येईल. त्यामुळे सदर चलान रद्द करण्यात यावे आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती." एवढेच. बाजारातील गैरसोय, इतरांच्या गाड्या, आपला प्रामाणिकपणा यांतले काहीही त्यात नव्हते.

तक्रार फेटाळली गेली तरी मार्ग संपत नाही. चलान न भरल्यास प्रकरण न्यायालयापुढे जाऊ शकते, आणि तेथे गुन्हा कबूल नाही असे सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मग तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. वकील लावणे सक्तीचे नाही, परंतु तारखांना हजर राहावे लागते. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ती तशीच होती. योग्य कारण असल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते, त्यामुळे जुने चलान आपोआप रद्द झाले असे समजू नये. मात्र जुन्या चलानाचे समन्स आले तर हा मुद्दा पहिल्याच तारखेला मांडावा.

लोकअदालतीबद्दल बराच गैरसमज आढळतो. लोकअदालतीची नोटीस आली की लोक घाबरून रक्कम भरतात. तेथे दोषी कोण हे ठरवले जात नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड केली जाते आणि झालेल्या निवाड्यावर अपील चालत नाही. चूक खरोखर आपली असेल आणि थकबाकी मोठी असेल तर तो सोयीचा मार्ग आहे. चलानच चुकीचे असेल तर तडजोडीस नकार द्यावा; नकार देणे हा गुन्हा नाही आणि त्यामुळे आपली बाजू कमकुवत होत नाही.

चलान रद्द झाल्याचे पत्र मिळाल्यावर दोन कामे उरतात. संकेतस्थळावरील यादीतून ते चलान खरोखर निघाले आहे का, हे आठवड्याने पाहावे, कारण नोंद तशीच राहिली तर पुढे गाडी विकताना आरटीओत अडचण येते आणि पुढचे चलानही दुसरा गुन्हा म्हणून मोजले जाते. त्यानंतर फलकाच्या चुकीबद्दल वेगळा अर्ज वाहतूक विभाग आणि महापालिकेचा पथ विभाग या दोघांना द्यावा, सोबत आदेशाची प्रत व छायाचित्रे जोडावीत. आमच्या रस्त्यावरचा खांब या अर्जानंतर दीड महिन्याने शाळेच्या फाटकापाशी आला. तोपर्यंत मी पुढच्या दुकानदारांना आदेशाची एकेक प्रत देऊन ठेवली होती, आणि त्यांच्यापैकी दोघांनी तिच्या आधारे आपापली चलाने रद्द करून घेतली.